मूल एकटं रमलं असताना हाक मारू नका

"ताई, आमचा अजिबात एकटा खेळत नाही. पाच मिनिटं झाली की आलाच पदर धरून मागे." बालवाडीत शिकवायला लागल्यापासून दर जूनमध्ये हे मी ऐकत आले आहे. अशाच एका आईने एकदा मला घरी चहाला बोलावलं. तीन वर्षांचा मुलगा स्वयंपाकघराच्या दारात फतकल मारून बसला होता. समोर एक रिकामा डबा आणि कपड्यांचे दहा-बारा चिमटे. डब्याच्या काठाला तो एकेक चिमटा लावत होता, ओठ घट्ट मिटून. मी सहज घड्याळाकडे बघितलं. दहा मिनिटांत बाबांनी विचारलं, "हा कुठला कलर रे?" आजींनी केळं पुढे केलं. आईने फोन काढला, "इकडे बघ, ताईंना दाखव काय केलंस." मग कोणीतरी "असं नाही रे, असं लाव" म्हणत त्याच्या हातातला चिमटा घेतला, आणि तो उठून आईच्या कुशीत शिरला. आई म्हणाली, "बघा, खेळतच नाही."

चारही माणसं मायेची होती. मुलाचं कौतुक होतं म्हणूनच प्रत्येकजण बोलला. पण मूल चार वेळा खेळात शिरलं आणि चारही वेळा त्याला बाहेर काढलं गेलं. लहान मुलं लुडबुड करतात असं आपण म्हणतो. खेळाच्या वेळी लुडबुड मोठ्यांची असते. मुलाला खेळायचं कसं हे ठाऊक असतं. त्याला वेळ लागतो, जागा लागते आणि थोडी शांतता लागते. ही सोय घरातल्या मोठ्यांनीच करायची आहे. माझ्या वर्गात आणि माझ्या स्वतःच्या दोन मुलांबरोबर जे करून पाहिलं, ते क्रमाने सांगते. एक ते सहा वर्षांची मुलं डोळ्यासमोर ठेवून हे लिहिते आहे. त्याहून लहान बाळांसाठी एक वेगळा परिच्छेद पुढे आहे.

पहिले तीन दिवस नुसतं बघा

काहीही बदलायच्या आधी एक जुनी वही घ्या. मूल आपणहून कशात तरी रमलं की लिहा: किती वाजता, काय घेऊन, किती वेळ, आणि कशाने मोडलं. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. खेळ त्याने स्वतः सोडला, की कुणी हाक मारली, टीव्ही लागला, बेल वाजली, जेवायला उचललं? बहुतेक घरांत तिसऱ्या दिवशी वही वाचताना आईबाबा गप्प होतात.

वेळेच्या अपेक्षाही आधी जमिनीवर आणा. माझ्या अनुभवात दीड वर्षाचं मूल एका गोष्टीत तीन-चार मिनिटं रमतं, दोन-अडीच वर्षांचं आठ-दहा मिनिटं, तीन वर्षांचं पंधरा-वीस. चार-पाच वर्षांच्या मुलाला सवय लागली की अर्धा-पाऊण तास सहज जातो. सर्दीने नाक वाहत असेल, झोप झालेली नसेल, घरात पाहुणे असतील, तर यातलं काहीच खरं नाही.

बघताना तुमच्या लक्षात येईल की मूल कधीकधी काहीच करत नाही. नुसतं बसतं, दुसऱ्याकडे टक लावून बघतं. मिल्ड्रेड पार्टेन या अभ्यासिकेने १९३२ साली लहान मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, तेव्हा हे लांबून बघणंही त्यात धरलं होतं. शेजारी शेजारी बसून आपापलं खेळणंही तिने नोंदवलं. दोन वर्षांची दोन मुलं एकाच सतरंजीवर पाठ फिरवून खेळत असतील तर त्यांचं भांडण झालेलं नाही. त्या वयाचा खेळ तसाच असतो.

घरभर रांगा

मुलाला मोकळं सोडायचं तर तुमचा जीव थाऱ्यावर हवा. दर दोन मिनिटांनी "हात नको लावू" म्हणावं लागत असेल तर दोष जागेचा आहे. म्हणून एक दिवस मूल झोपलेलं असताना खरोखर गुडघ्यांवर रांगत घरभर फिरा. उभं राहून जे कधीच दिसत नाही ते त्या उंचीवरून दिसतं: खालच्या सॉकेटमधलं डासांचं लिक्विड, कपाटातल्या डांबरगोळ्या, शीतपेयाच्या जुन्या बाटलीत भरून ठेवलेलं फिनेल, टेबलावरून लोंबणारी इस्त्रीची वायर, पडद्याची दोरी. हे सगळं उचला किंवा कडीकुलुपात टाका.

तीन गोष्टींबाबत मी कुणाचंही ऐकत नाही. पहिली, बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या. रिमोट, वजनकाटा, गाणारी खेळणी, दिव्यांच्या शोभेच्या वस्तू यांत त्या असतात. मुलाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा. दुसरी, बाथरूममधली भरलेली बादली. लहान मूल डोक्याकडून जड असतं, वाकून आत पडलं तर त्याला परत उठता येत नाही, आणि बुडायला थोडंसं पाणीही पुरतं. बादली रिकामी आणि उपडी, बाथरूमला बाहेरून कडी. तिसरी, गॅलरी. ग्रिल असलं तरी त्याच्याजवळ स्टूल, खुर्ची, उलटी कुंडी, काहीच ठेवायचं नाही.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात शेंगदाणे, चिंचोके, मणी, गोट्या, नाणी पडू देऊ नका. वस्तू साधारण तीन सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर ती घशात अडकू शकते. मनगटाला किंवा गळ्याला गुंडाळला जाईल असा लांब दोरा आणि प्लॅस्टिकच्या पिशव्याही नकोत. हे एकदा नीट झालं की पुढे तुम्हाला बोलावं लागत नाही. एका खोलीत मूल, शेजारच्या खोलीत तुम्ही, कान उघडे, मध्ये दार सताड उघडं. एकटं खेळणं म्हणजे इतकंच. दोन-तीन वर्षांच्या मुलाला नजरेआड किंवा निदान कानाआड कधीच सोडायचं नाही.

कोपरा

वेगळी खोली लागत नाही. आम्ही डोंबिवलीत वन रूम किचनमध्ये राहत होतो, आणि माझ्या मुलीची खेळायची जागा म्हणजे कपाट आणि भिंत यांच्यामधली एका सतरंजीएवढी फट. सतरंजी अंथरली की ती जागा तिची. त्यावरून कुणी चालायचं नाही, तिथे वाळलेल्या कपड्यांचा ढीग टाकायचा नाही, केरही तिला विचारून काढायचा. जागा लहान असली तरी चालते, पण रोज तीच हवी आणि तिथे मुलाची सत्ता हवी.

कोपरा निवडताना आपण दिवसाचा बराच वेळ कुठे असतो ते बघा. सजवलेली मुलांची खोली रिकामी पडून राहते आणि मूल ओट्याच्या पायाशी घुटमळतं, याचं कारण साधं आहे: त्याला आपण दिसायला हवे असतो. ओट्याखालचा एक खण किंवा खालची मांडणी त्याला देऊन टाका. स्टीलच्या वाट्या, झाकणं, जुनी चाळणी, गाळणं, लाकडी डाव. पोळ्या करताना लिंबाएवढा कणकेचा गोळा आणि छोटं पोळपाट-लाटणं. त्या गोळ्यातून अर्ध्या तासात साप होतो, दिवा होतो, पुन्हा गोळा होतो.

खेळणी निम्म्याहून कमी करा

अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ खेळणी देऊन खेळू दिलं, एकदा १६. चारच असताना मुलं एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली आणि ते जास्त तऱ्हांनी वापरून पाहिलं. बालवाडीच्या कुठल्याही बाईंना हे ऐकून नवल वाटणार नाही. टोपलीभर खेळणी ओतली की मूल ती उपसतं, पसरतं आणि उठून जातं.

एका रविवारी सगळी खेळणी काढा आणि तीन पिशव्या करा. एक पिशवी मोडकी, तुटकी, बॅटरीवर नुसती किंचाळणारी, ती घराबाहेर. दुसरी माळ्यावर. तिसऱ्या पिशवीतल्या सहा-आठ वस्तू मुलाच्या हाताला येतील अशा फळीवर, एकावर एक न रचता, सुट्या मांडून. दोन-तीन आठवड्यांनी माळ्यावरची खाली आणि खालची माळ्यावर. जुनं खेळणं नव्यासारखं भेटतं. मुलाची उशाशी घेऊन झोपायची बाहुली किंवा मळकं दुपटं मात्र या अदलाबदलीत धरायचं नाही.

फळीवर काय ठेवावं? ज्याचं काय करायचं हे वस्तू स्वतः सांगत नाही असं. बटण दाबलं की गाणं म्हणणारा हत्ती एकच गोष्ट करतो, आणि ती हत्तीच करतो. लाकडी ठोकळे, जुनी ओढणी, पुठ्ठ्याचे खोके, शिंपले, नारळाच्या करवंट्या, वेगवेगळ्या आकाराचे डबे, चिमटे यांचं काय होईल ते मूल ठरवतं. ओढणीची साडी होते, नदी होते, तंबू होतो, बाळाला बांधायची झोळी होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी जे काम केलं, त्यात विकतच्या महागड्या साधनांऐवजी शंखशिंपले, बिया, पानं, खडे होते. मुलांच्या ओळखीच्या वस्तू, हव्या तेवढ्या मिळणाऱ्या, हरवल्या तरी कुणी रागावणार नाही अशा. मी त्या परंपरेची लांबची विद्यार्थिनी आहे आणि खेळण्यांच्या दुकानात जाण्यापूर्वी आधी स्वयंपाकघराचा माळा बघा, असं अगदी मनापासून सांगते.

विकत घ्यायचंच असेल तर भातुकली घ्या. पितळेची असो, लाकडी असो, सावंतवाडीची रंगवलेली असो. आणि ती मुलग्यालाही घ्या. माझ्या वर्गात सगळ्यात मन लावून वरण-भात करणारी दोन मुलं मुलगेच होते.

वेळ कुठून काढायचा

दिवसाकाठी दोन तुकडे शोधा. पोट भरलेलं आणि झोप झालेली, अशी वेळ हवी. बहुतेक मुलांना सकाळी नाश्त्यानंतरची आणि दुपारी झोपून उठल्यानंतरची मानवते. नोकरी करणाऱ्या आईबाबांना संध्याकाळचाच वेळ मिळतो. पण दिवसभर पाळणाघरात राहून आलेलं मूल दारात पाऊल टाकताच एकटं खेळणार नाही, आधी त्याला आपण हवे असतो.

म्हणून सुरुवात जवळ घेण्याने करा. दहा मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवून मुलाजवळ जमिनीवर बसा. तो जे सांगेल ते करा, चहा दिला तर प्या. मन भरलं की त्याचे हात आपोआप वस्तूंकडे वळतात. तेव्हा हळूच आपलं काम हातात घ्या: गवार मोडणं, लसूण सोलणं, कपड्यांच्या घड्या. काम खरं हवं आणि हाताचं हवं. फोन हातात घेतलात तर मूल लगेच येऊन मांडीवर बसेल. मेथी निवडणारी आई त्याला आपल्याजवळ वाटते, फोनमधली आई निघून गेल्यासारखी वाटते.

पहिला आठवडा याच्या पुढे जाऊ नका. शेजारी बसून आपलं काम, बस. दुसऱ्या आठवड्यात दोन हात लांब बसा. तिसऱ्या आठवड्यात "मी डाळीला फोडणी देऊन येते" असं सांगून जा आणि खरोखर फोडणी देऊन परत या. डोळा चुकवून पळू नका. एकदा फसलेलं मूल पुढचे आठ दिवस तुम्हाला नजरेआड होऊ देत नाही. मध्येच आजारपण आलं, गावी जाणं झालं, की पुन्हा पहिल्या आठवड्यापासून. दुसऱ्यांदा लवकर जमतं.

"त्रास दिलास ना, जा, तिकडे जाऊन खेळ" असं कधीच म्हणू नका. खेळाची जागा शिक्षेची झाली की मूल तिथे पाय ठेवत नाही.

तोंडावर बोट

सगळ्यात अवघड पायरी ही. मूल रमलेलं आहे हे ओळखायचं कसं? ओठ मिटलेले किंवा किंचित उघडे, जीभ बाहेर, स्वतःशी पुटपुटणं, श्वास जड. अशा वेळी रंग विचारू नका, आकडे विचारू नका, "छान!" सुद्धा म्हणू नका. तुमच्या "छान"नंतर मूल ठोकळ्यांकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघायला लागतं, आणि पुढचा ठोकळा तुमच्यासाठी लावतं.

मनोरा पडला तर थांबा. मनात वीस आकडे मोजा. बरीच मुलं नुसती बघतात आणि पुन्हा रचतात. रडू आलं तर जवळ जा, "पडला ना सगळा" एवढंच म्हणा. रचून देऊ नका. मदत मागितली तर जेवढी मागितली तेवढीच: झाकण घट्ट बसलं असेल तर थोडं सैल करून परत त्याच्या हातात.

ठोकळा कानाला लावून "हॅलो" चाललं असेल तर तो फोन आहे. मोटार उलटी करून तिची चाकं फिरवणं हाही खेळ आहे. चूक-बरोबर इथे नाहीच. फक्त कुणाला लागेल असं काही होत असेल तर ताबडतोब आणि कमी शब्दांत थांबवायचं.

मुलाने येऊन काही दाखवलं तर? तेव्हा पूर्ण लक्ष द्या. खाली वाका, बघा, जे दिसतं ते बोला: "तू सगळी झाकणं उलटी ठेवलीस." मग थांबा. पुष्कळदा तेवढ्यावर स्वारी परत जाते.

खेळ थांबवायची वेळ आली की आधी सूचना द्या. लहान मुलाला पाच मिनिटं कळत नाहीत. "अजून दोन गाड्या धुऊन झाल्या की जेवायला" हे कळतं. आणि शक्य तेव्हा खेळ मोडून भरून ठेवू नका. अर्धा रचलेला गोठा रात्रभर कोपऱ्यात राहू द्या, सकाळी मूल उठून थेट तिथे जातं.

"कंटाळा आला"

चार वर्षांपुढची मुलं हे म्हणायला लागतात. उत्तर म्हणून नवीन खेळ सुचवत बसू नका. "हं, येतो कधीकधी कंटाळा," म्हणा आणि भाजी चिरत राहा. पहिली दहा मिनिटं वाईट जातात. भुणभुण, जमिनीवर लोळणं, पाय आपटणं. नंतर काहीतरी सुचतं. या दहा मिनिटांत मोबाइल दिला की सुचायची वेळच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच असं सांगतात, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एका तासापेक्षा जास्त नको. कमी तेवढा बरा. खेळाच्या वेळी टीव्ही नुसता चालूही ठेवू नका, बघत कुणी नसलं तरी.

एक वर्षाखालचं बाळ

बाळाचा खेळ म्हणजे स्वतःचे हात बघणं. हंगेरीच्या बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांनी १९४६ पासून बुडापेस्टच्या शिशुगृहात बाळांना मोकळं जमिनीवर ठेवलं. स्वतःहून बसता येण्याआधी त्यांना टेकू देऊन बसवलं जात नसे. पालथं होणं, रांगणं, बसणं सगळं आपल्या वेळेने. घरी जाड गोधडी अंथरा, बाळाला उताणं ठेवा, हाताच्या अंतरावर एक सुती फडकं आणि एक लाकडी खुळखुळा. जागं असताना थोडा थोडा वेळ पालथंही, तुम्ही समोर बसून. वॉकर मुळीच नको. प्रॅममध्ये किंवा खुर्चीत एका वेळी तासाभरापेक्षा जास्त बांधून ठेवू नये, असं वरच्या सूचनांतही आहे.

आजी-आजोबांशी बोलणं

"एकटं बसलंय बिचारं, आणि आई खुशाल भाजी निवडतेय." हे वाक्य अनेक सुनांनी मला डोळ्यांत पाणी आणून सांगितलं आहे. वाद घालून उपयोग होत नाही. मी सुचवते ते असं: सासूबाईंना म्हणा, "आई, तुम्ही लहानपणी काय खेळायचात?" सागरगोटे, ठिकऱ्या, बाहुलीचं लग्न, चिंचेच्या झाडाखालची भातुकली, सगळं निघतं. मग विचारा, "तेव्हा मोठी माणसं कुठे असायची?" आपापल्या कामात. त्यांना हे पटवावं लागत नाही, त्यांनी ते जगलेलं असतं. नंतर त्यांना एक काम द्या: कोपऱ्याची राखण. नातू खेळत असताना कुणाला मध्ये बोलू द्यायचं नाही. आजी हे काम आमच्यापेक्षा कडक करतात.

डॉक्टरांना कधी दाखवायचं

एकटं रमणं आणि हाकेला ओ न देणं यांत फरक आहे. वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर वळून बघत नसेल, दीड वर्षाचं मूल बोट दाखवून काही दाखवत नसेल, अडीच वर्षांचं मूल बाहुलीला भरवणं, खोटा खोटा चहा पिणं असं काहीच करत नसेल, किंवा येत असलेले शब्द बोलायचं बंद झालं असेल, तर "होईल हळूहळू" म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांकडे जा. सरकारी सोयीसाठी जिल्हा रुग्णालयात लहान मुलांच्या वाढीचे प्रश्न लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्राची चौकशी करा. अंगणवाडी ताईंनाही विचारता येतं.

घराबाहेर: एक ढीग माती

सोसायटीच्या आवारात घसरगुंडी असते, माती नसते. मुलांना मातीच हवी असते. गॅलरीत एक जुनी परात किंवा टब, त्यात पाच-सहा किलो माती, एक मग पाणी आणि दोन करवंट्या एवढं जमवलंत तरी संध्याकाळ सरते. जुने कपडे घाला. अंघोळ खेळानंतर ठेवा, म्हणजे ओरडावं लागणार नाही. आवरताना मुलाच्या हातात ओलं फडकं द्या. पाणी पुसणं हा त्याला वेगळा खेळच वाटतो. जखमा असतील तर झाकून घ्या आणि नंतर हात साबणाने.

चार-पाच वर्षांचं मूल असेल तर दिवाळीचा किल्ला त्याच्या ताब्यात द्या. गेल्या काही वर्षांत किल्ले फार देखणे झाले आहेत आणि ते बाबा बांधतात. मूल शेजारी उभं राहून मावळे हातात देतं. मला याचं फार वाईट वाटतं. यंदा तुम्ही दगड, विटांचे तुकडे, बारदान आणि माती आणून द्या आणि चार पावलं मागे सरा. बुरूज कलला तर कलू द्या. गुहा पायथ्याऐवजी शिखरावर झाली तरी चालेल, महाराजांच्या सिंहासनाशेजारी प्लॅस्टिकचा डायनासोर बसला तरी चालेल. पाणी जास्त झालं आणि अर्धा डोंगर ओघळून खाली आला तर तो पुन्हा लिंपेल, त्याला घाई नसते. शेवटी मूठभर हळीव आणि मूठभर मोहरी दोन वाट्यांत काढून ठेवा आणि काय कुठे पेरायचं ते त्याच्यावर सोडा. तीन-चार दिवसांत कोंब येतात. सकाळी उठल्यावर ते आधी त्याला बघू द्या.